सहा शेंडे

१

रोपवाटिकांच्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चिमीने आपल्या स्टॉलवरच्या रोपाचं पांढरं फडकं उचललं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कुंडी होती. रोप होतं. लेबल होतं. रोपाच्या सहा फांद्याही होत्या. पण सहाच्या सहा फांद्यांचे शेंडे नव्हते.

आता कोणी म्हणेल, शेंडेच गेले ना, रोप तर शाबूत आहे, मग एवढं काय झालं? त्या माणसाने रोपवाटिका कधी चालवलेली नाही, एवढंच त्यावरून समजायचं. या धंद्यात कुंडी पळवणारा चोर म्हणजे अगदीच नवशिका. मुरलेला चोर कलमासाठी नुसती काडी नेतो. हल्ली तर काडीही लागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत बोटाएवढ्या शेंड्यापासून काचेच्या बाटल्यांत रोपं करतात, आणि दोन वर्षांनी तुमचंच रोप समोरच्या स्टॉलवर त्यांच्या नावाने हजारांनी मांडलेलं दिसतं.

चिमी हे नाव ऐकून कोणी दोन वेण्यांची मुलगी डोळ्यांसमोर आणू नये. ती बेचाळीस वर्षांची, आवाजाने खणखणीत आणि पाच माणसांना कामाला लावणारी बाई होती. पण घरात पडलेलं नाव अंगाला चिकटतं ते चिकटतंच. रोपाला तर तेवढंही नाव नव्हतं. आठव्या वाफ्यातलं चौदावं रोप, म्हणून 'आठ-चौदा'. जिरेनियमची जात, पानाला चांदीसारखी कड, आणि पान चुरगाळलं की संत्र्याच्या सालीचा वास. बाबांना ते वाफ्यात सापडलं तेव्हा ते आनंदाने दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुढे बाबा गेले, आणि उरलेली मेहनत चिमीने केली. सगळी मिळून चौदा वर्षं.

आज दुपारी बारा वाजता नव्या वाणांच्या नोंदणीच्या परीक्षक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर अर्जावर सही करायची, की आठ-चौदा कायमचं बाबांच्या रोपवाटिकेचं. अर्जातलं शेवटचं वाक्य चिमीला पाठ होतं: 'या रोपाचा कोणताही भाग खाली नोंदवलेल्या व्यक्तींखेरीज कोणाच्याही हाती गेलेला नाही.' खाली तीन ओळी. पहिलीवर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं, दुसरीवर बाबांचं. तिसरी रिकामी होती.

आता ती सही कशी करणार? खोटी सही तिच्याच्याने झाली नसती. तिने फोन लावला.

"मावशी, कुठे आहेस?"

"चहाच्या रांगेत. पुढे दोनच माणसं आहेत. का गं, कोणी गेलं का?"

"आठ-चौदाचे शेंडे गेले."

मावशी म्हणाली, "आले. चहा राहू दे." तीस वर्षांत मावशीने चहाची रांग सोडल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं.

२

मावशी म्हणजे चिमीच्या आईची धाकटी बहीण. नोकरीत असताना ती रोपतपासनीस होती. बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक रोपाची पानं उलटी करून कीड शोधायची, हे तिचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गळ्यातलं भिंग उतरलं नव्हतं.

तिने भिंग डोळ्याला लावलं, कुंडीभोवती सावकाश एक फेरी मारली, आणि फांदी फांदी पाहिली.

"चाकूने नाही कापलेलं," ती म्हणाली. "नखाने खुडलंय. कडा चेपल्यात."

"अजून काय दिसतंय?"

"पाच जखमा ओल्या आहेत. एक सुकलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे पाच ओल्या आहेत आणि एक सुकलीय. तुझा चाकू दे बघू."

चिमीने एप्रनच्या खिशात हात घातला. त्या खिशात काय नव्हतं? सुतळीचं गुंडाळं, कोरी लेबलं, मोडकी पेन्सिल, कसलासा पाला. सगळं चाचपत तिने चाकू काढून दिला. मावशीने तो नुसता हातात धरला, पात्याकडे पाहिलंही नाही, आणि चिमीच्या खिशाकडे पाहत परत दिला.

"हे बघ चिमे," ती म्हणाली, "जिरेनियम नखाने खुडलं की वास बोटांना बसतो. आणि तुझ्या या रोपाचा वास तर असा चिवट की साबणालाही दाद देत नाही. तेव्हा आज मला लोकांचे हात हातात घ्यावे लागणार. तू लाजू नकोस म्हणजे झालं."

दोघी स्वागताच्या टेबलाशी गेल्या. तिथे परिषदेचे चिटणीस बसले होते. कालपासून भाषणांच्या वेळा सांभाळून ते पार मेटाकुटीला आले होते.

"चोरी हा शब्द जरा हळू बोला," ते म्हणाले. "आत मोठे पाहुणे आहेत."

"हळू बोलते," चिमी म्हणाली. "पण रजिस्टर दाखवा. सकाळी आठच्या आत कोण कोण आलं?"

ते पानं उलटू लागले. समोरच्या कुंडीत पिटुनियाचं एक सुकलेलं फूल लोंबत होतं. बोलता बोलता चिमीने ते तोडून खिशात टाकलं. "आणि काल संध्याकाळी मी गेल्यावर?"

"तुम्ही सहाला गेलात, शेवटच्या तुम्हीच. दाराला कुलूप मीच घातलं. सकाळी तीनच नावं आहेत. सहा वाजता कुंड्यांवाल्या काकू. सात चाळीसला समोरच्या कंपनीचे साहेब. आणि त्यांच्या आधी, सात पंचवीसला…" त्यांनी चष्मा वर केला. "आडनाव तुमचंच दिसतंय. कोणी नात्यातले का?"

चिमीने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं. अक्षर डावीकडे कललेलं होतं. चार वर्षांत तिने ते पाहिलं नव्हतं, पण ओळखायला अर्धा क्षणही लागला नाही. ते दादाचं होतं.

३

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी बाबांशी त्याचं बिनसलं. तो म्हणायचा, बाटलीतली रोपं करू, जग पुढे गेलं. बाबा म्हणायचे, माझ्या हयातीत नाही. दोघेही हट्टी, दोघेही बरोबर, आणि मधल्या मध्ये चिमीची फरफट. शेवटी दादा समोरच्या कंपनीत गेला. बाबा गेले त्या दिवशी आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. तेव्हापासून भाऊबहिणीत शब्द नव्हता.

"मी तक्रार लिहून देते," चिमी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्याच्याच साहेबाने काल भाषणात सांगितलंय, दुसऱ्याच्या वाणाला हात लावणारा आमच्याकडे एक तास टिकणार नाही. बघू दे टिकतो का."

"दे की," मावशी म्हणाली. "पण अकरापर्यंत थांब. तीन नावं आहेत ना रजिस्टरात? मग तिघांचे हात बघू. दादा पळून जातोय थोडाच."

कुंड्यांवाल्या काकू दाराशीच सापडल्या. सभागृहातल्या सगळ्या शोभेच्या कुंड्या त्यांच्याच, भाड्याने दिलेल्या. पहाटे सर्वांच्या आधी आत येणाऱ्या त्या एकट्या. पण टेबलाशी चाललेलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि विचारायच्या आधी त्यांनीच तोंड उघडलं.

"तुमचंही खुडलं? माझंही खुडलंय. ही रंगीत पानांच्या कोलियसची रांग बघा. काल प्रत्येकाला जांभळे तुरे होते. पाहुण्यांना फूल दिसावं म्हणून मुद्दाम राखले होते मी. सकाळी पाणी घातलं तेव्हाही होते. चहा घेऊन आले तर एकही नाही. दारापासून पार टेबलापर्यंत."

"डाव्या बाजूचे की उजव्या?" मावशीने विचारलं.

"आत शिरताना उजव्या. डाव्या बाजूचे सगळे जागच्या जागी आहेत. कोणाला काय मिळालं त्यात, देव जाणे. ते तुरे कोणी विकतही घेत नाही."

मावशीने त्यांचा हात हातात घेऊन नाकाजवळ नेला. काकूंनी चिमीकडे पाहिलं. चिमी छताकडे पाहू लागली.

"रबराचा वास येतोय," मावशी म्हणाली.

"येणारच. दिवसभर हातमोजे असतात. मला खताची ॲलर्जी आहे."

समोरच्या कंपनीचे साहेब सातव्या स्टॉलवर भेटले. निळा सूट, पिवळा टाय, आणि हसू असं की ते सकाळी दाढीबरोबरच चेहऱ्यावर चढवत असावेत. आठ-चौदा विकत द्या म्हणून ते चिमीकडे वर्षभरात तीनदा येऊन गेले होते, त्यामुळे संशयाच्या यादीत त्यांचा मान मोठा होता.

"वाईट झालं, फार वाईट," सगळं ऐकून ते म्हणाले. "मी सकाळी तुमच्या स्टॉलवरून गेलो, खोटं कशाला बोलू. पण फडकं होतं. म्हटलं, झाकलेलं आहे तर झाकलेलंच राहू दे."

मावशीने हस्तांदोलनाला हात पुढे केला आणि त्यांचा हात सोडलाच नाही. उलटसुलट करून पाहिला, भिंग लावलं, वास घेतला. नखं अगदी मुळापासून कापलेली होती आणि हाताला दवाखान्यासारखा वास येत होता.

"दर अर्ध्या तासाला जंतुनाशक लावतो," साहेब जरा ओशाळून म्हणाले. "इतक्या लोकांशी हात मिळवायचे म्हणजे… शिवाय मातीत हात घालायची मला सवय नाही. मी विक्रीचा माणूस."

"ही नखं शेंडाच काय, केळ्याची सालही काढू शकणार नाहीत," बाहेर आल्यावर मावशी म्हणाली.

चिमीला हसू आलं नाही. दोघं वगळली, म्हणजे तिसरा उरला. आणि मघापासून ती तक्रार तक्रार म्हणत होती खरी, पण तो तिसरा निघू नये असं तिला आतून फार वाटत होतं. हे तिने मावशीला सांगितलं नाही.

४

दादा कंपनीच्या स्टॉलमागच्या छोट्या खोलीत काचेच्या बाटल्या पुसत उभा होता. अंगात कंपनीचा राखाडी कोट. कानांवरचे केस पांढरे झाले होते. चिमीला ते पाहून धक्का बसला, कारण बाबा गेले त्या दिवशी तिने त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांसमोरचा दादा चार वर्षांपूर्वीचाच होता.

"मावशी," तो म्हणाला, आणि चिमी दिसली तशी हातातली बाटली पुन्हा पुसू लागला.

"सकाळी सात पंचवीसला आलास," मावशी म्हणाली. "कुठे गेला होतास?"

"आठ-चौदा बघायला." तो बाटलीकडे पाहत बोलत होता. "आज नोंदणी आहे हे यादीत वाचलं. म्हटलं, कोणी नसताना एकदा बघून यावं. फडकं उचललं, बघितलं, परत टाकलं. दहा मिनिटं होतो."

"हात लावलास?"

"नाही."

"नीट आठव."

"नाही म्हणतोय ना. मावशी, तिला सांग, मी हात लावला नाही."

"मावशी, त्याला सांग," चिमी म्हणाली, "मी बहिरी नाही, इथेच उभी आहे. आणि सहा शेंडे काय आपल्या पायांनी चालत गेले का, तेही विचार."

"कसले शेंडे?" दादाने पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्हा दोघांचं टपालखातं नंतर चालवा," मावशी म्हणाली. "दादा, हात दे इकडे."

त्याने हात दिला. मावशीने तो नाकापर्यंत नेलाही नाही. नेण्याची गरजच नव्हती. त्या बंद खोलीत दोन हात लांब उभ्या असलेल्या चिमीलाही वास आला. संत्र्याच्या सालीचा. आणि दादाच्या अंगठ्याच्या नखाखाली हिरवी रेघ होती.

चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला राग आला. "हात लावला नाही म्हणे," ती म्हणाली. "बाबांच्या रोपाच्या बाबतीत खोटं बोललास? दुसऱ्या कशाबद्दलही बोलला असतास तर चाललं असतं."

दादा आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा आपल्या हाताला लागला असावा, तसा.

"कोटाचा उजवा खिसा," मावशी म्हणाली, "टेबलावर रिकामा कर."

त्याने जराही मागेपुढे न पाहता खिशात हात घातला आणि मूठ टेबलावर उघडली. चांदीच्या कडेची पानं. शेंडे. मरगळलेले, पण आठ-चौदाचेच. चिमीने मोजले.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "हे माझ्या खिशात कसे आले?"

"मी चिटणीसांकडे जाते," चिमी म्हणाली आणि वळली.

५

"दोन मिनिटं थांब," मावशी म्हणाली. "खिसा अजून रिकामा झालेला नाही. दादा, सगळं काढ."

दादाने खिसा उलटा केला. टेबलावर जांभळ्या तुऱ्यांचा ढीग पडला. कोलियसचे तुरे, वीस-पंचवीस तरी. त्यांत पिटुनियाची चुरगळलेली फुलं, दोन पिवळी पानं आणि कुठल्याशा नेच्याचं सुकलेलं टोक.

चिमी दारातच थांबली.

"आता मला सांग," मावशी तिला म्हणाली, "बाटलीत रोप करायला शेंडा चोरणारा माणूस तो कसा नेतो?"

"ओल्या कापसात. थंड डब्यात." हे चिमीच्या तोंडून आपसूक आलं.

"आणि किती नेतो?"

"एक पुरतो. मागच्या बाजूचा, दिसणार नाही असा."

"हा माणूस डबाबाटल्यांच्या खात्याचा मुख्य आहे. कापूस त्याच्या टेबलावर पडलाय. आणि त्याने काय केलं? मालकिणीला तासाभरात कळावं अशा बेताने समोरचे शेंडे खुडले, आणि ते कोलियसच्या कचऱ्यात, कोरड्या खिशात कोंबले. यातला एक तरी शेंडा जगेल का?"

चिमीने टेबलाजवळ येऊन एक उचलला. तो दोरीसारखा लोंबला. "नाही," ती म्हणाली.

"बरं. आता दारापासून चालत ये. उजव्या हाताला कोलियस. माळी कोलियसला तुरा ठेवत नाही, म्हणून त्याचे तुरे खुडले. डावीकडचे शाबूत, कारण खुडणाऱ्याच्या डाव्या हातात बॅग होती."

"होती," दादा म्हणाला.

"पुढे स्वागताचं टेबल. तिथली सुकलेली फुलं तोडली. त्यापुढे नेचे. मग आठ-चौदा. ही काही चोराची वाट नाही, चिमे. सकाळी वाफ्यांतून फेरी मारणाऱ्या माळ्याची वाट आहे. तुमच्या बाबांनी लहानपणी तुम्हाला काय शिकवलं होतं?"

दोघं एकमेकांकडे पाहू लागली. उत्तर दोघांनाही येत होतं, पण आधी कोणी बोलायचं हा प्रश्न होता.

"वाफ्यातून रिकाम्या हाताने जायचं नाही. सुकलेलं, वाढलेलं दिसेल ते खुडत जायचं," शेवटी दादा म्हणाला.

"आणि खुडलेलं खाली टाकायचं नाही," चिमी म्हणाली. "जमिनीवर कुजतं, रोग पसरतो. खिशात टाकायचं."

बाबा संध्याकाळी घरी येत, तेव्हा उंबऱ्याशी जुना पेपर पसरलेला असे. आधी बाबा खिसे उलटे करायचे, मग ही दोघं. आईने कितीदा बडबड केली असेल, की सगळ्या घराच्या कपड्यांचे खिसे हिरवे, धुऊन धुऊन माझे हात हिरवे. ढीग कोणाचा मोठा यावरून भांडणं व्हायची, आणि दादा चिमीच्या ढिगात आपली चार पानं हळूच सरकवायचा. हे सगळं चिमीला आत्ता, त्या बाटल्यांच्या खोलीत एकदम आठवलं.

"मला खरंच आठवत नाही गं," दादा म्हणाला. हे तो मावशीला म्हणाला की चिमीला, ते कळलं नाही. "मी बाबांचा विचार करत उभा होतो. एवढंच आठवतंय."

"शेंडे वाढले होते, फांद्या वेड्यावाकड्या चालल्या होत्या," मावशी म्हणाली. "तू विचार करत उभा राहिलास आणि हात कामाला लागला. चोरी केली असतीस तर आठवली असती, आणि खिसा इतक्या खुशाल उलटा केला नसतास."

चिमी खुर्चीत बसली. सकाळी आठपासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला होता. दादा चोर नव्हता. रोपाचं काय व्हायचं ते होवो, पण दादा चोर नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की हसावं की रडावं कळेना.

आणि तेवढ्यात तिच्यातली हिशेबी मालकीण जागी झाली. तिने शेंडे पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले.

"मावशी," ती म्हणाली, "हे पाचच आहेत."

६

बाराला वीस मिनिटं होती. दादाने कोटाचे सगळे खिसे उलटे केले, पँटचे केले, बॅग झटकली, शेवटी बूटही काढून पाहिले. सहावा शेंडा नव्हता.

"कोणाला दिलास?" चिमीने विचारलं, आणि तोंडातून निघताच तिला स्वतःचीच लाज वाटली. पण विचारणं भाग होतं. अर्जात 'कोणताही भाग' असं लिहिलं होतं. एक शेंडा बाहेर असला तरी सही खोटी.

"मी पाचच खुडले असतील," दादा म्हणाला. "किंवा सहा. मला काय माहीत, मला तर एकही खुडल्याचं माहीत नव्हतं."

"पाचच खुडलेस," मावशी म्हणाली. "सकाळी मी हिला पहिल्याच फटक्यात सांगितलं होतं. पाच जखमा ओल्या, एक सुकलेली. सुकलेली म्हणजे आजची नाही, कालची. काल दिवसभर स्टॉलवर तू होतीस, चिमे. काल दुपारपर्यंत रोपाला सहा शेंडे होते ना?"

"होते. पाच वाजता फोटो काढलाय मी."

"पाचनंतर तिथे कोण होतं?"

"मीच. सहाला फडकं टाकलं आणि निघाले. शेवटची मीच होते, चिटणीसच म्हणाले. पण माझ्यासमोर कोणी कशाला…"

मावशीने भिंग काढून पदराने पुसायला घेतलं. बंदरावर एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत कीड सापडली, आणि ती त्याच्याच घरची निघाली, की ती असंच भिंग पुसत असे.

"स्वागताच्या टेबलावरचं पिटुनियाचं फूल कोणी तोडलं मघाशी?" तिने विचारलं.

"कुठलं फूल?" चिमी म्हणाली.

"खिसा उलटा कर, चिमे."

चिमीने एप्रनचा खिसा उलटा केला. सुतळी पडली. लेबलं, पेन्सिल, चाकू. मघाचं पिटुनियाचं फूल. कालची, परवाची कसली कसली पिवळी पानं. आणि त्यांच्या तळाशी, वाळून कागदासारखा झालेला, चांदीच्या कडेचा एक शेंडा.

चिमीला हळूहळू आठवू लागलं. काल संध्याकाळी ती फडकं टाकत होती. फोन खांद्यावर मानेने दाबलेला, पलीकडून टेम्पोवाला पत्ता विचारत होता. एक फांदी उंच चालली होती, फडकं नीट बसेना. आणि मग फडकं बसलं. ते कसं बसलं, ते काही केल्या आठवेना.

"माझ्या नखाखालीही हिरवंच असेल," ती म्हणाली आणि तिने अंगठा पाहिला. होतं.

"तू ते रोप रोज हाताळतेस, म्हणून तुझा वास कोणी घेतला नाही," मावशी म्हणाली. "मी घेणार होते. पण म्हटलं, आधी भावाला चोर म्हणून होऊ दे, म्हणजे नंतर जन्मभर बोलायला मला बरं."

दादाने आधी हसू दाबायचा प्रयत्न केला. मग त्याला ते दाबता येईना. चिमी त्याच्याकडे रागाने पाहायला गेली आणि तीही फुटली. दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचंच राहिलं नाही. साहेब दारातून डोकावले, टेबलावरचा पालापाचोळा पाहिला आणि काही न विचारता निघून गेले.

७

परीक्षक बाई बाराच्या ठोक्याला आल्या. स्टॉलच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर सहा शेंडे ओळीने मांडलेले होते, पाच मरगळलेले आणि एक वाळलेला. चिमीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बाईंनी एकेक शेंडा उचलून फांदीच्या जखमेशी लावून पाहिला. पानं पाहिली, कड मोजली, वास घेतला.

"रोपाचं काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला काय ते पानांत पाहायचं होतं. पण अर्जात हाताळणाऱ्यांची नावं दोनच आहेत. तिसऱ्या माणसाचा हात लागला असेल तर नोंद हवी. नाहीतर सही चालणार नाही."

"लिहिते," चिमी म्हणाली.

"ते समोरच्या कंपनीत आहेत ना? या ओळीत नाव लिहिलंत म्हणजे तुम्ही त्यांची हमी घेतलीत. उद्या तुम्हाला मागे घेता येणार नाही. विचार करा हवा तर."

दादा दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभा होता. चिमीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात 'नाते' असं छापलेलं होतं. तिथे तिने लिहिलं, थोरला भाऊ. मग खाली सही केली, ठसठशीत, एका दमात.

बाईंनी शिक्का मारला. मावशी म्हणाली, "आता मी माझा चहा घेऊन येते," आणि खरोखरच निघून गेली.

स्टॉलवर दोघंच उरली. मधे आठ-चौदा. दादा बराच वेळ त्या सहा तुटक्या फांद्यांकडे पाहत राहिला.

"एकेकीला दोन, आता बारा फुटतील," तो म्हणाला. मधे मावशी नव्हती, त्यामुळे हे त्याला थेट चिमीलाच म्हणावं लागलं.

"माहितेय मला."

"डावीकडचं ते खालचं पान पिवळं पडतंय बघ." आणि त्याचा हात निघाला.

चिमीने फटकन त्या हातावर मारलं. दादाने हात मागे घेतला, आणि तो नेमका कोटाच्या खिशापाशी जाऊन थांबला. खिसा पुन्हा थोडा फुगलेला होता. सातव्या स्टॉलपासून इथपर्यंत कोलियसची अजून एक रांग होती.

"काकूंना दिसलं तर जीव घेतील तुझा," चिमी म्हणाली. "रिकामा कर तो खिसा."

"इथे?"

"इथे नको." ती लेबल सरळ करत होती. ते सरळच होतं. "संध्याकाळी घरी ये. उंबऱ्याशी पेपर टाकून ठेवते."